पाच इंच उंच

मिस्तरी जीपखालून सरपटत बाहेर आला आणि त्यानं स्प्रिंगचा एक अर्धा लोखंडी पाटा माझ्या हातात दिला. मागोमाग त्याच पाट्याचा उरलेला अर्धा तुकडा दिला.

"बघा. तुटल्या जागी किती गंज चढलाय. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील तुटून."

मी हबकलेच. याच पाट्यांवर मी रोज सकाळी सात-आठ पेट्या मासळी, वर बर्फ, आणि जागा उरलीच तर दोन मावश्या असा सगळा संसार लादून किनाऱ्यावरून बाजारात आणत होते. आणि तुटलेला पाटा पुढच्या डाव्या चाकाचा निघाला, म्हणजे ज्या बाजूला माझी आई बसते त्या बाजूचा. मी त्याला विचारलं, अजून किती वाईट बातम्या आहेत ते एकदाच सांगून टाका. माणसानं असं विचारू नये. त्यानं हातोडीनं चासीवर दोन ठोके घातले आणि आतून घमेलंभर वाळू भुरभुरत खाली आली. मग त्यानं ब्रेकचा रबरी पाइप दोन बोटांत धरून दाबून दाखवला. तो फुगून गुलाबजामासारखा मऊ झाला होता.

"हे कुणी केलं?" तो खरोखरच चिडला होता. "याला तेल कुणी लावलं?"

कुणी लावलं ते मला माहीत होतं. आमच्याकडे होडी पावसाळ्यापूर्वी वर काढली की तिच्या लाकडाला माशाचं तेल पाजतात. वडील पाजायचे. होडी विकली, वडील गेले, पण आईचा हात काही थांबला नाही. तिनं ते तेल जीपला लावायला सुरुवात केली. दर वर्षी मे महिन्यात ती गोणपाट अंथरून जीपखाली शिरते, निदान शिरायची, आणि डबाभर तेल पोटाखालच्या सगळ्या लोखंडाला चोपडते. लोखंडाला ते मानवलं, म्हणूनच चासी अजून शाबूत होती, हे मिस्तरीनंही कबूल केलं. पण होडीला रबर नसतं. जीपला जागोजागी असतं, आणि तेल म्हणजे रबराचं विष. हा अपराध फक्त होडीवाल्यांच्या घरातच घडू शकतो. तेल लावल्यावर आठवडाभर आमची गाडी अंगणात आली की गल्लीतली मांजरं तिच्याखाली का जमायची, तेही त्याला सांगावं असं मनात आलं होतं, पण त्याचं तोंड बघून गप्प बसले.

मी गेले होते गाडी उंच करून घ्यायला. त्याचं कारण आधी सांगते.

आमचं गाव थळच्या अंगाला, समुद्राला चिकटून. आई पन्नास वर्षं किनाऱ्यावर मासळी घेते आणि बाजारात विकते. होडी लागली की पाण्याच्या काठावरच लिलाव होतो आणि पहिल्या अर्ध्या तासात चांगला माल संपतो. जी बाई तिथं उभी नाही तिला उरलंसुरलं मिळतं. आईचा आवाज त्या लिलावात वेगळा ओळखू येतो. भाव सांगून ती गप्प राहते, दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, आणि बहुतेक वेळा माल तिलाच मिळतो. पण त्या मोठ्या वादळानंतर किनाऱ्याचा आकारच बदलला. आधी मऊ उतार होता तिथं आता दगडी बंधारा आला, बंधाऱ्यात गाडी जाण्यापुरती फट आली, आणि फटीच्या तोंडाशी दर भरतीला वाळूचा उंचवटा साचायला लागला. आमच्या जुन्या जीपचं पोट त्या उंचवट्यावर टेकायचं, आणि चाकं हवेत फिरल्यासारखी फिरत राहायची. एका महिन्यात तीनदा अडकले. तिन्ही वेळा होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला ओढून काढलं, आणि प्रत्येक वेळी तो ओरडून विचारायचा, "आज काय पेरलंस गो वाळूत?"

गाडी काठापर्यंत गेली नाही तर आईला मऊ वाळूत पाव मैल चालावं लागणार. दुखऱ्या गुडघ्यामुळं ते तिला जमणारं नव्हतं. तेव्हा गोष्ट सरळ होती: जीप उंचवटा पार करणार असेल तरच आईचा धंदा चालणार. आणि धंद्याशिवाय आई म्हणजे काय, याची मला कल्पनाही करवत नव्हती.

मी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. जेवताना, भांडी घासताना, आई शेजारी जवळा निवडत असताना. कुठल्या कुठल्या डोंगरांतली पोरं आपल्या जुन्या गाड्या कशा वर उचलतात, मोठी चाकं कशी बसवतात, इंजिनात जीव कसा आणतात, सगळं मला पाठ झालं. तयार किटांच्या किमती ऐकल्या आणि फोन ठेवून दिला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं होतं ते. आमची अख्खी जीप विकली तरी त्या किटाचे शॉकअप तेवढे आले असते. मग रेवसच्या रस्त्याला हा मिस्तरी सापडला. तो म्हणाला, बाई, भंगारात सगळं आहे, फक्त बघणारा डोळा पाहिजे.

आणि खरंच होतं की. एका मोडीत काढलेल्या टेम्पोचे पाटे त्यानं आणले, कापून आमच्या मापाचे केले आणि चारी बाजूंना एकेक जास्तीचा पाटा घातला. पाटे ज्या पट्ट्यांवर टांगलेले असतात त्या पट्ट्या होडीचं काम करणाऱ्या वेल्डरकडून जाड पत्र्यात लांब करून आणल्या. पुढची चाकं रस्त्यावर भरकटू नयेत म्हणून आसाखाली लोखंडी पाचरी ठोकल्या. चार जुने पण खोल नक्षीचे, मोठे टायर मिळाले. ब्रेकचे पाइप सगळे नवे आणि लांब घातले. त्यात मात्र काटकसर करायची नाही, असं त्यानंच बजावलं. नोझल साफ केले, डिझेल पंप जुळवला. वाळू आणि पाणी आत ओढलं जाऊ नये म्हणून एअर फिल्टरचं तोंड साध्या पाण्याच्या पाइपनं काचेपर्यंत वर नेलं. तो पाइप पाहून शेजारची पोरं हसली. मी म्हटलं, हसा, भरतीला दाखवते.

एकच गोष्ट मी माझ्या हातानं केली. गाडी घरी आणून धुताना डाव्या दाराशी धरायला असलेल्या दांड्याला जाळ्याच्या जुन्या दोरीचा एक फास लोंबताना दिसला. हिरवी, मळकी, टोकाला गाठ मारलेली दोरी. कधीतरी पाटी बांधायला कुणीतरी अडकवली असेल आणि तशीच राहिली असेल, असं वाटलं. एवढी झकास गाडी आणि तिला असलं लक्तर. मासे कापायच्या सुरीनं ती कापली आणि कचऱ्यात टाकली.

दुपारी ओहोटीला एकटीच किनाऱ्यावर गेले. बंधाऱ्याच्या फटीत शिरले, उंचवटा समोर आला. पहिला गिअर टाकला आणि जीप त्यावरून अशी गेली की जणू तिथं काही नव्हतंच. मी वळून पुन्हा गेले. पुन्हा आले. पाच वेळा. सहाव्या वेळी माझ्याच लक्षात आलं की मी मोठ्यानं हसते आहे. घरी येऊन मोजपट्टीनं मापं घेतली: जमिनीपासून पोट आधीपेक्षा पाच इंच वर. पाच इंच! रात्री आईला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "बरं झालं बाय." मला वाटलं, एवढं सगळं केलं आणि दोन शब्द. फुरंगटूनच झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी नेहमीसारखं आधी जाऊन इंजिन चालू केलं. या जीपचा एक नियम आहे, वडिलांपासूनचा. बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही कुचकामी, त्यामुळं एकदा चालू केली की बाजार होईपर्यंत बंद करायची नाही. अंगणात उतार आहे, तिथं ढकलून चालू होते; वाळूवर बंद पडली तर संपलं. म्हणून चालवणारीनं स्टिअरिंग सोडायचं नाही, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा, उतरायचं नाही. किनाऱ्यावर पेट्या चढवणं, बर्फ टाकणं, सगळं मागं बायका करतात. मी आरशात बघत इंजिनाला जागं ठेवते. इंजिनानं अजून पन्नाशी गाठलेली नाही, पण खोकला सत्तरीतला आहे.

अंगणात आई नेहमीप्रमाणे ओट्यावरून सरळ आत आली. ओटा उंच, जीपही उंच, तिला उलट सोपंच गेलं. उंचवटा आम्ही लीलया पार केला. मी तिच्याकडं बघितलं, कौतुकाची वाट बघत. ती पुढं बघत होती. काठाशी थांबले तेव्हा ती दांडा धरून खाली घसरली आणि धप्प असा आवाज आला. मी विचारलं, लागलं का. म्हणाली, न्हाय.

लिलाव झाला. आईला हवी ती सुरमई मिळाली, पापलेटही. पेट्या मागं चढल्या. बर्फ पडला. मी आरशातून इशारा केला, झालं का. कुणीतरी हात दाखवला, झालं. मी गिअर टाकायला हात नेला, पण डावं दार अजून उघडंच होतं.

तिकडं बघितलं तर आईचा फक्त डोक्याचा वरचा भाग दिसत होता, भांग आणि अंबाड्यातला सुरंगीचा गजरा. तिचा एक हात दांड्यावरून खाली-वर फिरत होता. काहीतरी चाचपत होता. अंधारात देवळातली घंटा शोधावी तसा तो हात पुढं जाई, मागं येई.

"आये, काय शोधतेस?"

"काय न्हाय."

"मग चढ ना गो पटकन! इंजिन तापतंय, बर्फ वितळतोय."

हे मी बोलले. आजही ते वाक्य माझ्याच आवाजात कानात येतं.

तिनं पाय उचलला. तो अर्ध्यापर्यंत आला, थरथरला आणि खाली गेला. तिनं परत उचलला. परत गेला. मग तिनं एक पाऊल मागं घेतलं, पदर नीट केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू जा माल घेऊन. मी येते चालत मागून."

मला कळेचना. चालत? या वाळूत? मी काहीतरी बोलणार तोच बोनेटवर फाडकन हात पडला. मावशी. आईची मावसबहीण. लिलावात दोघींचं दोन हंगामांपूर्वी काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून भावाच्या आकड्यापलीकडं त्यांच्यात एक शब्द नव्हता.

"बंद कर ती गाडी," मावशी म्हणाली. "आणि उतर खाली."

"मावशे, बंद केली तर चालू न्हाय व्हायची."

"न्हाय झाली तर न्हाय झाली. उतर."

मी चावी फिरवली. वडील गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, किनाऱ्यावर ते इंजिन पहिल्यांदा गप्प झालं. मी उतरले, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले, आणि तिथं उभी राहिल्यावर मला धक्का बसला तो आधी गाडीचाच. आत चढायची जागा आईच्या कमरेच्याही वर होती. मी गाडीचं पोट मोजलं होतं, टायरची जागा मोजली होती, ब्रेकच्या पाइपाची लांबी मोजली होती. चढणाऱ्या आईच्या जागी उभी राहून मी कधी बघितलंच नव्हतं. आणि मग त्याहून मोठी गोष्ट लक्षात आली: अकरा वर्षं मी आईला या गाडीतून नेत होते, आणि आई या गाडीत चढते कशी, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"दोरी कुठं हाय?" मावशीनं विचारलं.

"कुठली दोरी?"

"अगो, दोरी! इथं टांगलेली. चार वरसं झाली, त्यात पाय घालते ती. मी नी ही, आमी दोघी खालून टेकू देतो." शेजारी तिच्या वाडीतली दुसरी एक बाई उभी होती, तिनं मान हलवली. "तुला न्हाय माहीत?"

सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. बर्फ टाकणाऱ्याला माहीत होतं, होडीवाल्यांना माहीत होतं. ज्या मावशीशी आई बोलत नव्हती तीसुद्धा रोज सकाळी भांडण बाजूला ठेवून येत होती, आईच्या कमरेला खांदा लावत होती, आणि काही न बोलता परत जात होती. हा सगळा कार्यक्रम माझ्यापासून दोन हातांवर व्हायचा. मी आरशात पेट्या मोजत बसायचे. काखेत कळसा म्हणतात, मला तर कळशाबरोबर आख्खी आई दिसली नव्हती.

"मी कापली ती दोरी," मी म्हणाले. "लक्तर वाटलं."

आई समुद्राकडं बघत होती. तिला राग आला होता, पण माझा नव्हे. त्या दोघींचा, बोलून टाकल्याबद्दल.

मावशीनं हातांची ओंजळ करून खाली धरली. दुसरीनं पाठीमागून धरलं. मी मधे कुठं हात लावावा तेच मला समजेना. माझ्या स्वतःच्या आईला कुठं धरायचं हे मला माहीत नव्हतं आणि त्या दोघींना पाठ होतं. शेवटी मी तिचं कोपर धरलं, ते चुकीचं होतं, मावशी म्हणाली "सोड, तिला दांडा धरायचा हाय," आणि मी सोडलं. आई वर गेली. सीटवर बसली, पदर मांडीवर घेतला आणि पुढं बघू लागली.

इंजिन अर्थातच चालू झालं नाही. ट्रॅक्टरवाला आला. त्यानं साखळी लावली, आम्हाला ओढलं, गाडी धक्क्यानं चालू झाली. त्यानं साखळी काढली, आईकडं एकदा बघितलं आणि एकही टोमणा न मारता निघून गेला. त्याच्या त्या गप्प राहण्यानं मला रडू आलं. बाजारात माल उशिरा पोचला. आईनं तरीही तो विकला, आणि मी शेजारी बसून पिशव्या भरत राहिले.

दुपारी मिस्तरीला फोन केला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, पाटे परत काढता येतील, पण मग उंचवट्यावर पोट टेकणार. त्यापेक्षा डाव्या बाजूला खाली दुमडणारी लोखंडी पायरी करून देतो, जमिनीपासून वीतभर. खर्च काही नाही. मी म्हटलं करा. पायरीनं गाडीचा प्रश्न सुटत होता. चार वर्षांचा सुटत नव्हता. त्या गुडघ्यानं ती रोज घसरून उतरत होती. कधी पडली असती तर? पाय चाकाखाली आला असता तर? आणि मी वर बसून ॲक्सिलरेटर दाबत! दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या आणि डोक्यात एक वाक्य तयार होत गेलं. ते मी चार-पाच वेळा घासूनपुसून नीट केलं, आवाज चढणार नाही असं, प्रेमाचं वाटेल असं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आई ओट्यावर बसून सुकवलेले बोंबील गोळा करत होती. मी समोर बसले. आधी वाक्य नाही काढलं. आधी विचारलं, "आये, चार वर्षं. मला एकदा तरी सांगायचंस."

ती बोंबील जुळवत राहिली. डोकी एकीकडं, शेपट्या एकीकडं.

"सांगितलं असतं तर तू काय बोलली असतीस?"

मी तोंड उघडलं, आणि दुपारभर तयार केलेलं वाक्य जिभेवर आलं: आये, उद्यापासून तू घरीच थांब, किनाऱ्यावर मी जाते. शब्दन् शब्द तसाच. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं. मी तोंड मिटलं.

"हां," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलंही नव्हतं. "घरी बसवलं असतंस."

मला वाटत होतं मी तिचा धंदा वाचवायला गाडी उंच केली. आणि ही बाई चार वर्षं, रोज सकाळी, माझ्याच शेजारच्या सीटवर बसून माझीच धास्ती घेऊन जगत होती. होडीवाल्यांना एक भाव सांगून गप्प बसणारी, पन्नास वर्षांत कुणापुढं दुसऱ्यांदा तोंड न उघडणारी माझी आई.

तिनं बोंबलांची जुडी बांधली, बाजूला ठेवली. हात पदराला पुसले. मग इकडं तिकडं बघत, माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत, तिनं विचारलं, "बाय, मग उद्या येऊ ना मी?"

जीप तिच्या पैशाची, धंदा तिचा, किनारा तिचा. आणि ती मला विचारत होती.